एका तासाची गोष्ट कागदावर आणताना



मागच्या दोन भाषणांत आपण गटाच्या कर्जाचं आणि दशसूत्रीचं बोललो. आज हिशेबाची वही जरा बाजूला ठेवू. आमच्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या काही गटांतल्या नऊ जणी गेल्या उन्हाळ्यापासून एक वेगळंच काम करतो आहोत. टीव्हीवर जशी मालिका लागते, तशा मालिकेचा पहिला भाग आम्ही लिहितो आहोत. तोही अर्ध्या तासाचा नाही, पुरा एका तासाचा. या पहिल्या भागाला त्या धंद्यात 'पायलट' म्हणतात. विमान चालवतो तो पायलट नव्हे बरं! नमुन्याचा भाग. हा भाग वाचून किंवा पाहून समोरचा ठरवतो, की पुढची मालिका करायची की नाही. लुगडं घेण्याआधी आपण पदर उलगडून पाहतो ना, तसंच.

तुम्ही म्हणाल, या बायांना हे काय सुचलं? टीव्ही तर आपण रोजच पाहतो. स्वयंपाक करता करता, वाती वळता वळता, सरकी निवडता निवडता पाहतो. आणि पाहताना सगळ्यात जास्त बोलतोही आपणच. "असं कुठं असतं का?" "ही झोपताना दागिने घालून झोपते काय?" "शेतकऱ्याचं घर म्हणे, आणि अंगणात एक कोंबडी नाही!" एवढं बोलता येतं, तर मग आपलं जसं असतं तसं आपणच लिहून का पाहू नये, असं एका बैठकीत निघालं. तिथून सुरुवात झाली.

आपली वऱ्हाडी बोली टीव्हीवर आली, ती बहुतेक हसवायलाच. भारत गणेशपुरे आपल्या अमरावतीचे. त्यांनी ही बोली महाराष्ट्रभर घरोघरी नेली, त्याचा आनंदच आहे. पण आपल्या बोलीत माणूस रडतो, भांडतो, गप्पही बसतो. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० सालची. त्यातल्या कौतिकचं सगळं दुःख आणि सगळी हिंमत याच बोलीत आहे, आणि वाचताना कुणाला हसू येत नाही. आमच्यातल्या दोघी-तिघींनी ती बी.ए.ला असताना वाचली होती. आता सगळ्यांनी मिळून, एकीने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, अशी पुन्हा वाचली. गोष्ट लिहायला शिकायचं तर आधी चांगली गोष्ट कानावरून जायला पाहिजे, असं आमचं मत आहे.

आता एक तास म्हणजे किती, ते सांगतो. टीव्हीचा एक तास हा साठ मिनिटांचा नसतोच. जाहिराती वजा केल्या की हाती साधारण बेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटं उरतात. छापील पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा त्या लोकांचा अंदाज असतो. पण तो टाइप केलेल्या, ठरावीक मापाच्या पानाचा अंदाज. आमच्या दुरेघी वहीला तो कसा लागू पडणार? एकीचं अक्षर मोठं टपोरं, एकीचं मुंगीसारखं. म्हणून आम्ही मोबाइलवर वेळ लावतो आणि मोठ्याने वाचतो. प्रत्येकीने एकेक पात्र घ्यायचं, आणि "ती उठून पाणी देते" असं आलं की तेवढा वेळ थांबायचं. खरंच पाणी द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. यातून फार कळतं.

आपल्या मराठी वाहिन्यांवर रोजच्या मालिकेचा भाग अर्ध्या तासाचा असतो. त्यातही जाहिराती काढल्या तर वीस-बावीस मिनिटांचा खेळ. एक तासाचा भाग आपल्याला ठाऊक आहे तो रविवारचा, 'महाएपिसोड' म्हणून लागतो तो. बाहेरच्या देशांत मात्र गंभीर मालिका तासाच्याच लिहायची जुनी रीत आहे आणि त्यांनी तिची घडण नीट बसवली आहे. सुरुवातीला दोन-तीन मिनिटांचा एक तुकडा, म्हणजे माणूस खुर्चीला खिळला पाहिजे असं काही तरी. मग चार किंवा पाच अंक. प्रत्येक अंक संपतो तिथे जाहिरात.

जाहिरात लागली की आपण काय करतो? उठतो. तव्यावरची भाकर पाहतो, लेकराला हाक मारतो, दार लावून घेतो. लिहिणाऱ्याचं खरं काम इथे आहे. बाई उठली तरी तिचं मन पडद्यापाशी अडकून राहिलं पाहिजे. म्हणून अंकाच्या शेवटी असं काही घडावं लागतं, की "आता काय करीन वं ही?" हा प्रश्न तव्यापर्यंत तिच्यासोबत जाईल. आणि ते उगाच दचकवणारं नको. तीन-तीनदा वीज कडाडते आणि तीच तोंडं तीन-तीनदा दाखवतात, त्याचा आम्हाला कंटाळा आहे. काही तरी खरंच बदललं पाहिजे. अंक सुरू झाला तेव्हा तिला जे माहीत नव्हतं, ते अंक संपताना कळलं पाहिजे. किंवा तिच्या हाती जे होतं, ते गेलं पाहिजे.

आमची गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं एक गाव. विहिरीचं पाणी खारं, शेती पावसावर. एका बाईचा नवरा वारला आहे. वावर अजून सासऱ्याच्याच नावावर, आणि सासऱ्यांना जाऊन दहा वर्षं झालेली. भासरे म्हणतात, "वावर काई पळून चाल्लं काय? मी हाये नं." मृग तोंडावर आलेला. पीककर्ज घ्यायचं तर बँक सातबारा आणि आठ-अ मागते. त्यावर तिचं नाव नाही. एवढीच गोष्ट. आपल्यापैकी कुणाला ही नवी वाटणार नाही.

या बाईला आम्ही नाव दिलेलं नाही. जे नाव काढावं ते आमच्या गावांतल्या कुणाचं तरी निघे. म्हणून कागदावर ती 'धाकली' आहे आणि तिची जाऊ 'मोठी'.

पहिला तुकडा बँकेत घडतो. धाकली खिडकीशी कागद देते. कागद परत येतो. ती तो घडी घालून घालून एवढुसा करते आणि बटव्यात ठेवते. संवाद फक्त दोन. आमच्यातल्या एकीने तिथे लिहिलं होतं, "तिला फार वाईट वाटले." दुसरीने विचारलं, "हे कॅमेऱ्याला दिसन कसं?" पटकथेत फक्त दिसेल तेच आणि ऐकू येईल तेच लिहायचं असतं. मनातलं लिहायची सोय नाही. मग वाईट वाटलेली बाई काय करते, याच्यावर आमची अर्धी दुपार गेली. कुणी म्हणाली रडते, कुणी म्हणाली नळावर जाऊन पाणी पिते. शेवटी सगळ्यांत वयस्क काकू म्हणाल्या, "बाई कागद फेकत नाही. कागद म्हटला की जपूनच ठेवते." घडी घालायचं तिथून आलं.

प्रत्येक सीनच्या डोक्यावर एक ओळ असते. आत की बाहेर, जागा कोणती, वेळ कोणती. "बाहेर. वावराचा बांध. सकाळ." बस. ही ओळ वाचणाऱ्यासाठी कमी आणि खर्च मोजणाऱ्यासाठी जास्त असते. कुठे जायचं, दिवसा की रात्री, किती माणसं लागतील, हे तिच्यावरून ठरतं. म्हणून यात्रेचा सीन लिहिताना जरा विचार करावा. हजार माणसं जेवू घालायला कोण येणार आहे?

पहिल्या अंकात भासरे एक कागद आणतात. उद्या तालुक्याला जायचं, सही करायची, नवऱ्याच्या मदतीचं काम आहे, एवढंच सांगतात. अंकाच्या शेवटी आठवीतली पोरगी कागदाचा मथळा वाचते, "आई, ह्याच्यावर हक्कसोडपत्र लिवलं हाये." इथे जाहिरात. आता सांगा, भाकर करपेल की नाही?

इथे आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं. भासऱ्यांना किती वाईट दाखवायचं? काही जणींना ते पक्के खलनायक हवे होते, मिशीला पीळ देणारे. पण आपल्या गावात असे भासरे किती? जास्त करून ते असे असतात, की भावाच्या आजारपणात त्यांनीच धावपळ केली, त्यांच्याही डोक्यावर कर्ज आहे, आणि त्यांना मनापासून वाटतं की वावर फुटलं तर घर फुटलं. असा माणूस समोर असेल तर त्याच्याशी भांडणं किती कठीण जातं! आणि तेच कठीण पडद्यावर दिसलं पाहिजे. म्हणून आम्ही भासऱ्यांना एक सीन दिला, त्यात ते रात्री एकटेच भावाची सायकल पुसतात.

याच संदर्भात एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि तिचा आपल्या अकोल्याशी संबंध आहे. १९६९ साली दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात एक मालिका लागली होती. घरकाम करणारी गरीब मुलगी शिवण शिकते आणि पुढे मोठी होते, अशी गोष्ट. ती पाहून तिथल्या बायका शिवणयंत्रं घ्यायला लागल्या, विक्री वाढली. हे पाहून मेक्सिकोच्या मिगेल साबिदो नावाच्या माणसाने ठरवून तशा मालिका केल्या. १९७५ मध्ये त्याने प्रौढ साक्षरतेवर एक मालिका केली आणि लोक वर्गांत नाव नोंदवायला आले. पुढे आपले वसंत साठे माहिती व नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोला गेले. हे साठे सत्तरच्या दशकात अकोल्यातून लोकसभेवर निवडून गेलेले. तिथलं पाहून आपल्याकडे अशी मालिका करायचा विचार सुरू झाला आणि ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लिहिली मनोहर श्याम जोशी यांनी. आपल्यातल्या सासूबाईंना, मोठ्या जावांना बडकी, मंझली, छुटकी अजून आठवत असतील. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे.

आता यातलं शिकण्यासारखं बघा. सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार होता. लोकांना ते आवडलं नाही. मग उपदेश कमी करून घरातल्या माणसांच्या गोष्टीला जागा दिली, तेव्हा मालिका अशी चालली की चार लाखांहून जास्त पत्रं आली, असं तिचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे बाईला सांगत बसू नका. तिला दाखवा, ती स्वतः ठरवते.

साबिदोची रीत अशी होती, की गोष्टीत तीन तऱ्हेची माणसं ठेवायची. चांगल्या बाजूची, वाईट बाजूची, आणि मधली, डळमळणारी. पाहणारी बाई त्या मधल्या माणसासोबत चालते. पण माणसं काही मापात बसत नाहीत. 'हम लोग'मधली आई भागवंती, सगळं मुकाट सोसणारी. असं राहू नये, हे दिसावं म्हणून ती होती. तरी काही बायकांनी तिलाच आदर्श मानलं! आपल्याकडे सोसण्याचं कौतुक इतकं आहे, की सोसणारी बाई पडद्यावर आली की आपण आधी हात जोडतो. आम्ही हे वाचलं तेव्हापासून धाकलीच्या डोळ्यांतलं पाणी मोजून घालतो. सबंध तासात एकदाच.

आमच्या गोष्टीतलं मधलं माणूस म्हणजे मोठी, जाऊ. ती बचत गटाची अध्यक्ष आहे. गटात दर महिन्याला शंभर रुपये जमा करणारी, सगळ्यांना "बाईनं बाईच्या मागं उभं राहावं" म्हणणारी. आणि घरी नवऱ्याच्या शब्दाबाहेर नसणारी. दुसऱ्या अंकात धाकली गटाकडे बियाण्यापुरतं कर्ज मागते, आणि वहीवर सही करायची ती मोठीने. एकाच बाईला बैठकीत एक आणि चुलीपाशी दुसरं व्हावं लागतं. तासाच्या भागात एक मोठी गोष्ट पुरत नाही, तिच्यासोबत एखादी मधली आणि एखादी बारकी चालवावी लागते. आमची मोठी गोष्ट वावराची, मधली दोघी जावांची, आणि बारकी पोरीच्या सायकलची. तिघी एकमेकींना धक्का देत चालल्या पाहिजेत. नाही तर वेणीतली एक बट सुटली की सगळी वेणीच ढिली पडते.

गावाकडची मालिका सुरू कशी करावी हे पाहायचं असेल तर २०२० सालची 'पंचायत' पाहा. भाग लहान आहेत, पण पहिल्याच भागात शहरातला मुलगा सचिव म्हणून गावात येतो आणि ग्रामपंचायतीच्या कुलपाची किल्लीच सापडत नाही. एका किल्लीवरून सगळं गाव कळतं. प्रधान बाई, कारभार नवऱ्याचा, हेही आपल्याला न सांगता कळतं. पायलटचं काम हेच. नवं जग, तिथली माणसं आणि पुढे कितीक गोष्टी निघतील याचा अंदाज, सगळं एका तासात, तेही भाषण न देता.

कायद्याचं मात्र आम्ही बरोबरच ठेवलं. सीनमध्ये चुकीचं गेलं तर कुणी बाई तेच खरं धरून चालायची. म्हणून इथेही सांगून ठेवतो. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. नवऱ्याच्या पश्चात बायको ही मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस असते. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफार लिहिला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हक्कसोडपत्र हे दुय्यम निबंधकांसमोर नोंदवावं लागतं. एकदा नोंदवलं की मागे फिरणं फार अवघड. म्हणून कागदावर काय लिहिलं आहे ते आधी पोरीकडून का होईना, वाचून घ्या.

आता जरा अवघड गोष्ट. ही कथा आम्ही हवेतून काढलेली नाही. आमच्या नऊ जणींतल्याच एकीचं बरंचसं असंच झालं आहे आणि तिचा अर्ज अजून पडून आहे. म्हणून लिहायच्या आधी तिला विचारलं. ती दोन बैठका काहीच बोलली नाही. तिसऱ्या बैठकीत म्हणाली, "लिवा. पण गाव बदला, लेकराइची संख्या बदला. अन् नाव लागलं असं लिवू नका. माह्यं अजून लागलं नाई." शेवट गोड करावा, सातबाऱ्यावर नाव दिसावं, बायांना धीर येईल, असं आमच्यातल्या काहींना फार वाटत होतं. तिने ते होऊ दिलं नाही. तिचं म्हणणं होतं, की तासाभरात नाव लागलेलं पाहून बाई घरी बसेल, आणि इथे तर तीन-तीनदा बस धरून जावं लागतं. पटकथा लिहिणारे सांगतात की पायलटच्या शेवटी एक गोष्ट पुरी व्हावी आणि एक मोठा प्रश्न उघडा राहावा. कोणती पुरी करायची आणि कोणता उघडा ठेवायचा, हे आमच्याकडे तिने ठरवलं. धाकली सही करत नाही, ही गोष्ट पुरी होते. नाव लागतं की नाही, हा प्रश्न उघडा राहतो.

लिहिलेलं कुणाला दाखवायचं तर काळजी घ्यावी लागते, हेही विचारून ठेवलं. नुसत्या कल्पनेवर आपला हक्क सांगता येत नाही. लिहून काढलेल्या मजकुरावर येतो, आणि तो लिहिल्याबरोबर येतो. पण कधी वाद झाला तर तारखेचा पुरावा लागतो. मुंबईत पटकथालेखकांची स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही संघटना आहे. सभासद झालं की तिथे पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. नऊ जणींची नावं कशी घालायची, हे आम्ही आधीच ठरावात लिहून घेतलं. पैसे आले तर वाटणी कशी, तेही. गटाची सवय आहे ना! ज्या बाईच्या घरची ही गोष्ट, तिचा वाटा दुप्पट. त्यावर तिची सही झाली आहे, वाचून दाखवून.

सध्या आमची वही चौथ्या अंकाशी आली आहे. मोजून वाचलं तर एकेचाळीस मिनिटं भरतात. धाकली निबंधकांच्या कचेरीतून सही न करता परत येते, वारस नोंदीचा अर्ज देते, नोटीस लागते. पंधरावा दिवस उजाडतो. हरकत आलेली असते. ती मोठीच्या सहीची. शेवटचा सीन दोघी जावांचा, पऱ्हाटीत, निंदण चाललेलं. दोघी एकाच तासात पुढे-मागे बसलेल्या. मोठीने काही तरी बोलायचं आहे आणि तिथे मालिका थांबायची आहे.

ते वाक्य आम्हाला अजून मिळालेलं नाही. माफी मागणारं नको आणि भांडणारंही नको. सात-आठ वाक्यं झाली, सगळी खोडली. कापूस वेचणीला गेल्यावर, निंदताना, दळणाच्या रांगेत जावा-जावा खरंच कशा बोलतात ते आठवून पाहा. पुढच्या मासिक बैठकीला येताना एकेक वाक्य लिहून आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगा, आम्ही लिहून घेऊ. मोठ्या जावा असाल तर जरूर सांगा, त्यांचं अजून एकही वाक्य आलेलं नाही.